रक्तातले हमाल

दोस्तांनो, कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पण विमानात बसलात की तुम्ही त्याहूनही उंचावरची हवा घेत असता, बरं का! विमान दहा-अकरा किलोमीटरवरून उडतं. आत हवा दाबून भरतात, पण जमिनीवरच्याइतकी नाही. १८०० ते २४०० मीटर उंच डोंगरावर असते, तितकी ती विरळ असते. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. जखमी माणसाचं मात्र तसं नसतं.

परवा मंडईत भाजीवाल्या मावशी काळजीत होत्या. "भाचा दिल्लीला गाडीवरनं पडला. मांडी मोडली, रक्त लई गेलं. आता बसतोय, जेवतोय. तरी डॉक्टर म्हणतात, विमानानं इतक्यात नेऊ नका. दोन तासांचा तर प्रवास! तिथं त्याचं करणार कोण?"

मी विचारलं, "मावशी, टेम्पोतला माल गाळ्यावर कोण आणतं?"

"हमाल."

"निम्मे हमाल आलेच नाहीत तर?"

"उरलेल्यांची दमछाक!"

"आणि त्यांच्या पाट्याही पुऱ्या भरल्या नाहीत तर?"

"मग गाळे रिकामेच की."

अगदी तसंच! रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. रक्त गेलं की हे हमाल कमी होतात, आणि विरळ हवेत त्यांची पाटीही थोडी रितीच राहते. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी भरून यायला मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणून डॉक्टर नुसता चेहरा बघत नाहीत, हिमोग्लोबिन बघतात.

शिवाय घाट चढताना वेफर्सची पिशवी फुगते ना? तशी छातीत मार लागून कोंडलेली हवा विमानात फुगते आणि फुप्फुस दाबते. ताज्या, घट्ट प्लास्टरखाली सूज वाढते. पाय हलवता आला नाही, तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

या शास्त्राला विमानवैद्यक म्हणतात. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. पद्मा बंदोपाध्याय यांनी त्यातच काम केलं. वायुदलातल्या त्या पहिल्या महिला एअर मार्शल!

मावशी म्हणाल्या, "म्हणजे थांबणं हेसुद्धा औषधच." आणि त्यांनी बहिणीलाच रेल्वेनं दिल्लीला धाडायचं ठरवलं.

तेव्हा मुलांनो, घरात कुणाला मोठी इजा झाली, तर आईबाबांना आठवण करा: विमानाचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. उठून बसलेला माणूस पुरता बरा झालेला असतोच, असं नाही.