फॉर्मॅट मारण्याआधी

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे फॉर्मॅट. कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ घेतो? फॉर्मॅट मारा. प्रिंटर ओळखत नाही? फॉर्मॅट मारा. गिऱ्हाईकाला तो कळतो, त्याचा भाव ठरलेला असतो, संध्याकाळी मशीन परत मिळतं आणि काही दिवस पळतंही. मुळात काय बिघडलं होतं, ते मात्र डिस्कबरोबरच पुसलं जातं. मला त्यामुळे चुकल्यासारखं वाटतं. रोगी बरा झाला, पण रोग कोणता होता ते कधी कळणारच नाही.

नवी मुंबईच्या सीवूड्समध्ये अलीकडे एक तक्रार वारंवार कानावर येते. “लिनक्स टाकून बघितलं, तेव्हापासून चालूच होत नाही लवकर.” यामागे दोन प्रकारची माणसं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. इथल्या सोसायट्यांमधल्या कितीतरी घरांत सहाव्या-सातव्या पिढीचे ठणठणीत डेस्कटॉप आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, बोटीवरची नोकरी संपवून घरी बसलेले चीफ इंजिनीअर, यांना चालतं यंत्र भंगारात द्यायचं जिवावर येतं. मग मुलगा अमेरिकेतून फोनवर सांगतो, “बाबा, लिनक्स टाकून बघा.” दुसरा वर्ग नेरूळ-बेलापूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या पोरांचा. प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागतं, ते शनिवारी रात्री टाकलं जातं आणि सोमवारी लॅपटॉप माझ्या टेबलावर असतो.

दोघांचाही निष्कर्ष एकच असतो: लिनक्स जड आहे, किंवा लिनक्सने विंडोज बिघडवलं. मी आधी विचारतो तो प्रश्न वेगळा असतो. मशीन हळू काम करतंय, की नुसतं थांबलंय?

हे दोन आजार बाहेरून सारखे दिसतात, पण आतून त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. जुन्या कॅबिनेटवर हार्ड डिस्कचा एक लाल दिवा असायचा. तो सारखा फडफडत असेल तर डिस्क राबते आहे, म्हणजे काम जास्त किंवा डिस्क थकलेली. दिवा विझलेला आणि पडद्यावरही काही हलत नाही, तर आत कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलंय. नव्या लॅपटॉपवरून कंपन्यांनी हा दिवा काढून टाकला, दिसायला बरं दिसतं म्हणून. माझ्या मते कारागिराचा एक डोळाच काढून घेतला.

दिवा नसेल तर घड्याळ लावायचं. बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो जाईपर्यंत एक टप्पा, तिथून पासवर्ड मागेपर्यंत दुसरा, पासवर्ड टाकल्यापासून माउस नीट हलेपर्यंत तिसरा. “पाच मिनिटं लागतात” या वाक्यातून मला काही मिळत नाही. पाचपैकी कुठली तीन, ते कळलं की अर्धं काम झालं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ असा एक आकडा असतो, तो पहिल्या टप्प्याचा. लिनक्समध्ये सिस्टीमडी-अ‍ॅनालाइझ ही आज्ञा दिली की फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि त्यानंतरची सगळी मंडळी यांनी किती सेकंद खाल्ले याचा हिशेब ती एका ओळीत देते. ‘ब्लेम’ जोडलं तर कोणत्या सेवेला किती वेळ लागला त्याची उतरती यादी मिळते. पण त्या यादीतला पहिला नेहमी गुन्हेगार असतोच असं नाही. बऱ्याच सेवा एकाच वेळी सुरू होतात. नेटवर्कची वाट बघणारी एक सेवा यादीत वर दिसते, तिच्यासाठी डेस्कटॉप मात्र अडलेला नसतो. खरोखर कोण कोणासाठी अडलं, ते ‘क्रिटिकल-चेन’ सांगते. इंटरनेटवर वाचून पोरं यादीतल्या पहिल्या चार सेवा बंद करून येतात. मग वाय-फायही जातं.

एका मुलाचं उदाहरण सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. त्याच्या डेस्कटॉपवर एक लिनक्स आधीपासून नीट चालत होतं. हौस म्हणून त्याने शेजारच्या रिकाम्या पार्टिशनवर दुसरं लिनक्स टाकलं, आठवडाभर वापरलं, आवडलं नाही, सोडून दिलं. तेव्हापासून जुनं लिनक्स उघडायला दोन मिनिटं घेऊ लागलं. एकदा उघडलं की पूर्वीसारखंच चपळ. “दादा, डिस्क गेली का?” डिस्क गेली असती तर उघडल्यावरही रखडली असती.

मी मशीन चालू केलं आणि लोगो फिरत असताना एस्केप दाबलं. तो सुंदर लोगो म्हणजे एक पडदा आहे, त्यामागे यंत्र प्रामाणिकपणे सगळं सांगत असतं. तिथे ओळ होती: एका डिस्कसाठी काम सुरू आहे, इतके सेकंद झाले, मर्यादा दीड मिनिट. आकडा एकेक सेकंदाने वाढत होता. नव्वद झाले, यंत्राने नाद सोडला आणि पुढे गेलं.

झालं होतं असं. दोन्ही लिनक्सना मिळून एक स्वॅप पार्टिशन होतं. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर राखून ठेवलेली जागा. दुसऱ्या लिनक्सच्या इन्स्टॉलरने ती जागा दिसताच नव्याने फॉर्मॅट केली. बऱ्याच इन्स्टॉलरांची ती रीतच आहे आणि डेटाचं त्यात काही नुकसानही होत नाही. पण फॉर्मॅट झालं की पार्टिशनला नवा यूयूआयडी मिळतो. हा १२८ बिटांचा ओळख-क्रमांक, लिहिताना ३२ अक्षरं-आकडे आणि मध्ये चार आडव्या रेघा. जुन्या लिनक्सच्या एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये मात्र जुनाच क्रमांक लिहिलेला होता. सेक्टर ४४मधल्या एखाद्या इमारतीतला भाडेकरू खोली सोडून जातो, दारावर नव्या माणसाची पाटी लागते, आणि कुरिअरवाला जुन्या नावाचं पाकीट घेऊन बेल दाबत उभा राहतो, तसं ते यंत्र रोज सकाळी नव्वद सेकंद उभं राहत होतं.

नव्वद सेकंदांचा हिशेब लागला, वरचे तीस कुठले? ते कर्नलच्या रकान्यात दिसत होते. लिनक्स झोपवताना म्हणजे हायबरनेट करताना रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये ठेवला जातो, म्हणून सुरुवातीच्या छोट्या प्रणालीतही, इनिटरॅमएफएसमध्ये, त्याच स्वॅपचा क्रमांक ‘रिझ्यूम’ म्हणून नोंदलेला असतो. तिथेही जुनाच क्रमांक. म्हणजे एकाच हरवलेल्या पत्त्यासाठी दोन दारांवर थांबणं. पुष्कळ जण एफएसटॅब दुरुस्त करतात आणि अर्धं मिनिट अजून का जातंय म्हणून डोकं खाजवत बसतात.

उपाय सांगण्यासारखाही नाही. बीएलकेआयडी ही आज्ञा देऊन खरा क्रमांक बघायचा, दोन्ही ठिकाणी तो लिहायचा, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधून घ्यायचं, मशीन परत चालू करायचं. त्या मुलाची आई सोबत आली होती. “एवढंच होतं? मग याचे किती घेणार?” हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकतो. फॉर्मॅटचं बिल कुणी विचारत नाही. दोन ओळी बदलल्याचं बिल मात्र समजावून सांगावं लागतं.

हे नव्वद सेकंद मुळात ठेवलेच कशाला, असंही मुलाने विचारलं. प्रश्न चांगला होता. लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टीमडी २०१०मध्ये आलं तेव्हापासून त्यावर लोक भांडत आले आहेत, पण या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. काही डिस्क जाग्या व्हायला खरंच वेळ घेतात, यूएसबीवरच्या तर हमखास. यंत्राला कसं कळणार की ही डिस्क उशिरा येणार आहे की कधीच येणार नाही? म्हणून ते थांबतं. ही मर्यादा दहा सेकंदांवर आणण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. मी ती करत नाही. त्याने चूक तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. एखादी डिस्क खरोखरच कधी असेल, कधी नसेल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहावं, त्यासाठीच तो शब्द आहे. आता बऱ्याच लिनक्सांत स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन न करता फाइलच वापरतात, त्यामुळे हा घोटाळा कमी होत जाईल. जुन्या मशीनवर तो अजून बराच काळ भेटेल.

विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलेल्यांची गोष्ट निराळी. त्यातली निम्मी तक्रार मेनूची असते. दोन प्रणाली असल्या की कुठली उघडू, असं विचारायला लिनक्सचा ग्रब हा मेनू काही सेकंद थांबतो, कुठे ५, कुठे १०. विंडोजचा स्वतःचा मेनू असेल तर तो मुळात ३० सेकंद थांबतो. एंटर दाबलं की संपलं, पण काका चहा घेऊन येतात आणि म्हणतात, अजून इथेच आहे!

दुसरं कारण जरा पोटातलं आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची अवस्था डिस्कवरच्या हायबरफिल या फाइलमध्ये साठवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. अशा अर्धवट मिटलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्सने लिहिणं धोक्याचं, म्हणून लिनक्स ते एकतर फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. ड्युअल बूट करणाऱ्याने फास्ट स्टार्टअप बंद ठेवावं, हा सल्ला बरोबर आहे. पण ते बंद केलं की विंडोज रोज पहिल्यापासून उभं राहतं, आणि साध्या हार्ड डिस्कवर तो फरक चांगलाच जाणवतो. मग आळ येतो लिनक्सवर. लिनक्स टाकण्याआधी ‘रिस्टार्ट’ करून घड्याळ लावलं असतं तर तोच आकडा तेव्हाही दिसला असता, कारण रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर नव्याने सुरू होतं.

घड्याळावरून आठवलं. लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये आलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागे गेलेली दिसते. बॅटरी गेली म्हणून माणसं दुकानातून सीआर२०३२ सेल आणतात आणि मी तो परत पाठवतो. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ, आणि आपला देश त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, एवढाच तो वाद. सेल खरंच संपला तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, इतक्या शिस्तीत साडेपाच तास नाही.

लिनक्स नुसतं पुसून टाकलं तरी त्याची बूटची नोंद बोर्डाच्या मेमरीत उरू शकते. कधीकधी मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायची खटपट करतं, ती पडद्यावर वाचता येते. बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम लावला की संपलं.

आता दुसऱ्या आजाराबद्दल, कारण प्रत्येक वेळी यंत्र नुसतं वाट बघत असतं असंही नाही. लिनक्सला जागा करून देण्यासाठी पार्टिशन लहान करताना जुन्या डिस्कला खूप डेटा हलवावा लागतो. आधीच कुरकुरणारी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क त्या कामात उघडी पडते. म्हणून मी डिस्कच्या तब्येतीचे ‘स्मार्ट’ आकडे पाहिल्याशिवाय काहीच ठरवत नाही. पेंडिंग सेक्टर दिसले की आधी डेटा काढून घ्यायचा, बाकीच्या गप्पा नंतर. तिथे एसएसडी हाच उपाय. आणि सीवूड्समध्ये पाम बीच रोडच्या पलीकडे खाडी आहे. पावसाळ्यात ती दमट, खारी हवा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढवते. लोगो यायलाच उशीर होत असेल तर मी आधी रॅम काढून शाळकरी खोडरबराने पट्ट्या पुसतो. याचा लिनक्सशी काडीचा संबंध नाही, फक्त तक्रार त्याच आठवड्यात आलेली असते.

आपल्याकडे बहुतेकांनी कॉम्प्युटर शिकला तो २००१नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात, विंडोजवर. त्यामुळे दुसरं काही टाकलं आणि बिघडलं की शिक्षा झाल्यासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, ते ऐका. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हातही न लावता. टाकायचंच ठरलं तर डेटा दुसरीकडे घ्या, पार्टिशनच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढा आणि इन्स्टॉलर काय फॉर्मॅट करणार आहे ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.