कमी केल्याचं बक्षीस

रासायनिक कारखान्यातल्या तरुण इंजिनिअरांना पुरस्काराचा अर्ज भरा म्हटलं, की ते आधी मान खाली घालतात. एरवी ही मुलं कामाला वाघ. रात्रपाळीत रिॲक्टरचं तापमान चढायला लागलं तर क्षणात कूलिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण सोडतील, लॉगशीटवरचा एक आकडा खटकला म्हणून पहाटे चारला तीन मजले चढून स्वतः गेज बघून येतील. पण ‘आपल्या कामातील नावीन्य पाचशे शब्दांत स्पष्ट करा’ ही ओळ समोर आली की पेन अडतं. आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची नाही, हे आपल्याकडे घरातूनच शिकवलेलं असतं. काम चोख करा, ज्याला दिसायचं त्याला दिसेल. त्या शिकवणीचा मला आदर आहे. तरीही अर्जांचे दिवस आले की मी या मुलांच्या मागे लागते, कारण आमच्या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम नुसतं बघून दिसतच नाही.

पूल बांधला तर त्यावरून माणसं जातात. आमच्याकडे उत्तम काम म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी नसणं. ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे, न गेलेलं पाणी, चिमणीतून न सुटलेला वायू, टाकीत साठवूनच न ठेवलेलं विष. बिघडलं तर मात्र सगळ्यांना दिसतं. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती. कारखान्यातला रंग अंगाला लागलेली ती मुकी जनावरं देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. ज्या कारखान्यांतून रंगाचा कणही बाहेर गेला नाही, त्यांच्या दारावरून त्याच दिवशी साध्या रंगाची कुत्री गेली असतील. त्यांचा फोटो कोण आणि कशाला काढेल? अशा कामाचा पुरावा हिशेबातच सापडतो, आणि तो हिशेब कुणीतरी बसून मांडावा लागतो. पुरस्काराचा अर्ज तो मांडायला लावतो.

अशा वेळी मला निकोला लेब्लांक आठवतो. 1775 साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस जाहीर केलं: मिठापासून सोडा करून दाखवा आणि 2400 लिव्र घ्या. काच, साबण, कापड, सगळ्यांना सोडा हवा होता आणि तो मिळायचा खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळून केलेल्या राखेतून. लेब्लांक पेशाने वैद्य, ऑर्लेआँच्या ड्यूकच्या पदरी असलेला. त्याने मिठावर सल्फ्युरिक ॲसिडची क्रिया केली, त्यातून जे मिळालं ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत घातलं, आणि सोडा काढून दाखवला. 1791 मध्ये पेटंट मिळालं, पॅरिसजवळ कारखाना उभा राहिला. मग राज्यक्रांतीत ड्यूकचा शिरच्छेद झाला, कारखाना जप्त झाला. बक्षीस त्याच्या हाती कधी पडलंच नाही. पुढे नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला तेव्हा तो चालवायला पैसा उरला नव्हता. 1806 साली लेब्लांकने आत्महत्या केली.

गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते, एका संशोधकावर झालेला अन्याय म्हणून. अन्याय झालाच. पण मला तिचा पुढचा भाग जास्त छळतो. लेब्लांकची पद्धत इंग्लंडात गेली आणि तिथे फोफावली. दर 8 टन सोड्यामागे साडेपाच टन हायड्रोजन क्लोराईड वायू तयार व्हायचा, तो थेट चिमणीतून वर. शिवाय 7 टन कॅल्शियम सल्फाईडचा गाळ, सडक्या अंड्यांच्या वासाचा, त्याचे कारखान्यांभोवती डोंगर. आसपासची झाडं करपली, पिकं गेली. 1836 मध्ये विल्यम गॉसेज याने तो वायू पाण्यात शोषून घेणारा मनोरा बांधला, तर ते आम्लाचं पाणी ओढ्यांत जाऊ लागलं. अखेर 1863 मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली ॲक्ट केला: 95 टक्के हायड्रोजन क्लोराईड पकडलाच पाहिजे. अकादमीने विचारलं होतं, मिठातून सोडा निघेल का. मिठातला उरलेला भाग कुठे जाईल, हे विचारलं नव्हतं. त्या काळात ते सुचण्यासारखंही नव्हतं. पण जो प्रश्न विचारला गेला त्याचंच उत्तर मिळालं, आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत दोन-तीन पिढ्यांच्या फुप्फुसांनी मोजली.

त्या सोड्याच्या धंद्यावर वाढलेलं इंग्लंडातलं एक गाव म्हणजे विडनेस. याच विडनेसमध्ये डिसेंबर 1977 मध्ये रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षेचे जाणकार ट्रेव्हर क्लेट्झ यांचं एक व्याख्यान झालं. तीन वर्षांपूर्वी फ्लिक्सबरोच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनचा स्फोट होऊन 28 माणसं गेली होती. क्लेट्झ यांचं सांगणं अगदी साधं होतं: घातक पदार्थ सांभाळण्याचे उपाय वाढवत बसण्यापेक्षा तो कारखान्यात ठेवूच नका, जे नाही ते गळणारही नाही. सात वर्षांनी, 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री, भोपाळमध्ये टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. जवळपास 40 टन साठा होता, आणि तो पदार्थ विकण्याचा माल नव्हता, मधल्या पायरीवरचा होता. आमच्या पिढीतला प्रत्येक केमिकल इंजिनिअर या एका वाक्यापाशी कधी ना कधी येऊन थबकला आहे.

बक्षिसांचे प्रश्न बदलायला मात्र बराच काळ लागला. 1990 च्या दशकात हरित रसायनशास्त्राची भाषा सुरू झाली. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये दाखवून दिलं की औषधनिर्मितीत एक किलो मालामागे 25 ते 100 किलो कचरा निघतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने हरित रसायनशास्त्राचे पुरस्कार सुरू झाले आणि 1997 मध्ये त्यातला एक आयब्युप्रोफेन बनवण्याच्या नव्या पद्धतीला मिळाला. तीच ती घरोघरच्या डब्यात असलेली अंगदुखीची गोळी. जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि आत घातलेल्या अणूंपैकी जेमतेम 40 टक्के औषधात उतरत. नव्या पद्धतीत पायऱ्या तीन आणि औषधात उतरणारे अणू 77 टक्के. औषध तेच, गोळी तीच, रुग्णाला कणभर फरक जाणवला नसेल. इथे बक्षीस मिळालं ते गाळलेल्या पायऱ्यांना. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या त्या बक्षिसाशेजारी हे ठेवून पाहिलं की मला फार बरं वाटतं.

आता एक जवळचं उदाहरण. आमच्याकडची एक मुलगी, नोकरीत तशी नवीच. सेंट्रिफ्यूजमध्ये केक, म्हणजे गाळून उरलेला ओला माल, धुताना निघणारं पाणी ती दर थोड्या वेळाने काचेच्या बाटल्यांत धरून ठेवायची. लॅबच्या खिडकीत तिने त्या ओळीने मांडल्या होत्या. पहिली गडद पिवळी, दुसरी फिकी, तिसरीत पिवळेपणाची नुसती शंका, शेवटची आरपार स्वच्छ. सगळं पाणी एकाच नळीने ईटीपीकडे जात होतं. सेंट्रिफ्यूजवरचे काका तिला म्हणाले, ‘‘मॅडम, हे शेवटचं पाणी आपण उगीच सोडतो.’’ त्यांना ते फार पूर्वीपासून दिसत होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुष्काळी भागात आपल्या आयाबाया भांडी विसळलेलं शेवटचं पाणी पुढच्या भांड्यांच्या पहिल्या धुण्याला ठेवतात, तीच ही रीत. या बॅचचं दुसरं धुणं टाकीत धरायचं आणि पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. दोन्ही धुण्यांना सारखं पाणी लागत असेल तर ताजं पाणी सरळ निम्म्यावर येतं.

सांगायला इतकं सोपं, करायला नाही. धरलेल्या पाण्यातून अशुद्धी पुढच्या मालात गेली तर? पाणी टाकीत किती तास ठेवलं तर चालेल? क्वालिटीवाल्यांनी प्रश्नांची माळ लावली, आणि ती बरोबरच लावली. चेंज कंट्रोलचे कागद, ट्रायल बॅचेस, प्रत्येक बॅचचा रिपोर्ट. तिने सगळं केलं. आणि मग अर्ज लिहायला बसली तेव्हा म्हणाली, ‘‘मॅडम, यात नवीन काय आहे? हे तर सगळ्यांना माहीत असतं.’’

मी तिला हिशेबाची चौकट मोठी करायला सांगितली. माटुंग्याच्या आमच्या संस्थेत, म्हणजे 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि आता आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) झालेल्या त्या संस्थेत, पहिली गोष्ट शिकवली ती फळ्यावर तुटक रेषेची चौकट काढायची. आत काय गेलं, बाहेर काय आलं, आत काय साठलं. चौकट कुठे काढायची हे ज्याने त्याने ठरवायचं आणि ठरवलं की प्रामाणिक राहायचं. तिची चौकट सेंट्रिफ्यूजभोवती होती, तिला फक्त वाचलेलं पाणी दिसत होतं. ती ईटीपीपर्यंत नेली, त्यापुढच्या इव्हॅपोरेटरपर्यंत नेली, मग बॉयलरपर्यंत.

आमच्याकडे सांडपाणी कारखान्याबाहेर सोडत नाहीत. त्यातलं खारट पाणी आटवून मीठ वेगळं काढतात. ऐकायला छान वाटतं. पण 30 अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण 293 किलोज्यूल उष्णता लागते आणि उकळीला आलेल्या त्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी 2257. तीच वाफ पुन:पुन्हा वापरून इव्हॅपोरेटर हा खर्च कमी करतात, तरी तो फिटत नाही. बॉयलर कोळशावर चालत असेल तर नदी वाचवताना धूर निघतोच. गॉसेजच्या मनोऱ्याने हवेतलं पाण्यात ढकललं, आपण पाण्यातलं हवेत ढकलतो. तिने मुळात पाणीच कमी केलं होतं. म्हणजे पंपाची वीज, ईटीपीतलं रसायन, गाळ, वाफ, कोळसा, राख, सगळीकडचं थोडं थोडं ओझं उतरलं होतं. हे ओळीने कागदावर आलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपण काय केलंय हे तिला त्या दुपारी समजलं. निकाल काहीही लागो, अर्जाचं एक काम तिथेच झालं होतं.

अर्ज लिहिताना खोटं लिहायचा मोह होतो तोही याच चौकटीपाशी. चौकट लहान ठेवली की आकडे देखणे होतात. बॅचची सर्वांत वाईट धुणी आधीची म्हणून दाखवायची आणि सर्वांत चांगली नंतरची म्हणून. सॉल्व्हंट बदलला म्हणून हरित म्हणायचं आणि नवा सॉल्व्हंट बनवताना काय जळलं ते लिहायचं नाही. तरुण वयात ही सवय लागली तर पुढे ती पर्यावरणाच्या अहवालांत उतरते, म्हणून मी इथे फार कडक असते. तुलना कशाशी केली, किती बॅचेसची सरासरी, फसलेल्या ट्रायल किती, हे लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. कधी कधी आकडा घसरतो. घसरू द्यावा.

आणि नाव. वैयक्तिक पुरस्काराच्या अर्जात नावाची जागा एकच. तिने विचारलं, ‘‘काकांचं नाव कुठे लिहू?’’ त्यासाठी रकाना नव्हता. तिने वर्णनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की ही सूचना मुळात सेंट्रिफ्यूज ऑपरेटरची, आणि त्यांचं पूर्ण नाव दिलं. त्याने तिचं काम कमी झालं असं मला तरी वाटलं नाही. सूचना काकांची, ती मालाला धक्का न लावता रोज चालेल हे सिद्ध करणं तिचं. आमच्या धंद्यात कल्पना आणि चालू प्लांट यांच्यामध्ये जे लांबच लांब अंतर असतं, ते तोडणाऱ्याला इंजिनिअर म्हणतात.

इंग्लंडमधली इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनिअर्स 1922 पासूनची, आपल्याकडची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स 1947 पासूनची. अशा संस्था तरुणांना हाक मारतात, शाश्वततेच्या कामाला मान देतात, याचा मला मनापासून आनंद आहे. लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभमधल्या मुलांनी तिथे धीटपणे जावं. इंग्रजी अडखळतं म्हणून, मोठ्या शहरातली नाही म्हणून, काम ‘साधं’ आहे म्हणून मागे राहू नये. पण पुरस्कार देणाऱ्यांकडेही माझं एक मागणं आहे. निकाल जाहीर केल्यावर पाच वर्षांनी त्यांनी त्या कारखान्यात एक माणूस पाठवावा, तोही रात्रपाळीला. ती मुलगी तोवर दुसरीकडे गेलेली असेल, मॅनेजर बदललेला असेल, उत्पादनाची घाई असेल. त्या पाठवलेल्या माणसाने फक्त एवढंच बघावं की दुसऱ्या धुण्याचं पाणी अजून टाकीत जातंय की नळी पुन्हा ईटीपीला जोडली गेली आहे. जात असेल तर खरं बक्षीस तेव्हा द्यावं, आणि ते त्या पाळीवर हजर असलेल्या सगळ्यांच्या नावाने द्यावं.