पाटी आणि पेटी

बंगळुरास बदली होऊन तीन वर्षे झाली. यंदा दिवाळीच्या बोनसात शिलकीची भर घालून टॅब्लेट घ्यावा की छोटा लॅपटॉप, या विचारात मी पंधरा दिवस घालविले. मनाशी मी त्यांना पाटी आणि पेटी म्हणू लागलो. पाटी हलकी, बोटाने अक्षर मोठे करावे आणि वाचावे. पेटीला बैठक हवी. पण तिच्या कळांवर लांबलचक मजकूरही सुखाने लिहिता येतो.

याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी, काही अभियंत्यांच्या साहाय्याने, सिंप्युटर घडविला होता. २००४ साली तो ‘अमिडा’ या नावाने बाजारात आला. त्यास कळफलक नव्हता, लेखणी होती. अल्पशिक्षितासही तो वापरता यावा, हा हेतू. तो फारसा खपला नाही. पण त्यांनी पाटीच का निवडली, हे मला घरच्याच गोष्टीवरून उमगले.

गावी आईची दृष्टी अधू झाली आहे. माझी पत्रे तिला शेजारी वाचून दाखवीत; त्यामुळे मी खुशालीपलीकडे काही लिहीनासा झालो होतो. अखेर पाटी घेतली, ती तिच्यासाठी. परवा तिने बोटाने गिरवून उत्तर धाडले: “आता मनातले लिही.”

पेटी पुढल्या वर्षी पाहू.