एक बिनवासाची

पुतणी रविवारी सकाळी चपलांच्या खोक्यातून सहा मेणबत्त्या घेऊन आली आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर तिने त्या ओळीने मांडल्या. काचेचे बुटके ग्लास, आत सायीच्या रंगाचं मेण, बुडाला चिकटवलेला नुसता आकडा. "काकू, नावं मुद्दाम लिहिली नाहीत. नाव वाचलं की नाक खोटं बोलतं. तू पेटव, वास घे आणि खरं काय ते लिही." बरोबर एक छापील कागद होता. त्यात रकाने : कोल्ड थ्रो म्हणजे न पेटवता येणारा वास, हॉट थ्रो म्हणजे पेटवल्यावरचा, खोली किती वेळात भरली, डोकं दुखलं का.

अडतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे दुसऱ्याचे पेपर तपासायची मला सवय आहे. पण नाकाने पेपर तपासायची ही पहिलीच वेळ.

पुतणी हिंजवडीला नोकरी करते. शनिवारी रात्री जेवणं झाली की ओटा पुसून तिचा हा दुसरा संसार सुरू होतो. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं पातेलं, त्यात सोयाबीनच्या तेलाचं मेण. हे मेण पाहिलं नसेल तर साबणाचा चुरा डोळ्यांपुढे आणा. तेलाला हायड्रोजन दिला की ते घट्ट होतं, म्हणजे हे वनस्पती तुपाचंच सख्खं भावंड. ते वितळून ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर गेलं की शंभर ग्रॅमला आठ ग्रॅम या हिशेबाने सुगंधी तेल घालायचं, दोन मिनिटं न फेसाळता ढवळायचं, साठाच्या आसपास उतरलं की ग्लासात ओतायचं. एका वेळी बारा ग्लास. तेरावा भरेल एवढं तिचं पातेलं मोठं नाही. ती याला बॅच म्हणते. मी म्हटलं, चकलीचा असतो तसा घाणाच की हा. तर म्हणाली, "काकू, वासाच्या धंद्यात घाणा हा शब्द नको गं."

ओतल्यावर लगेच विकत नाही. झाकण लावून दोन आठवडे कपाटात ठेवते, कारण मेणात तेल नीट बसायला तेवढा वेळ लागतो. "क्युअर होऊ देते," ती म्हणाली. म्हणजे मुरू देते. हा शब्द तिला एकदम पटला. लोणच्याच्या घरात वाढलेल्या मुलीला क्युअरिंगचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागत नाही.

एप्रिल-मे मात्र धंदा बंद. हे मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, आणि विदर्भातल्या उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीत काय होत असेल ते नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने तिला फोटो पाठवून दाखवलं होतं. चिऊताईचं घर मेणाचं होतं म्हणून पावसात टिकलं, हे आपण सगळे लहानपणी ऐकतो. उन्हाळ्यात तिने काय केलं, ते कुणी विचारत नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात. ज्याचं जे मागणं, त्या आकाराचं मेण वाहायचं. तिथे मेणाची घरंही मिळतात. मुंबईत घर मागायचं तर चिऊताईच्याच पद्धतीने मागावं लागतं, असा मी त्याचा अर्थ लावला आहे.

असो. पेपर तपासणी.

रोज एकच पेटवायची, असा तिचा दंडक होता. पहिल्यांदा पेटवल्यावर वरचा थर काठापर्यंत वितळेतो विझवायची नाही, नाहीतर मेणात मधोमध विहीर पडते आणि पुढच्या वेळी ज्योत त्या विहिरीतच उतरत जाते. वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवायची. वातीला वेणी घातलेली असते. ती जळताना जराशी वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला बाहेर येतं आणि आपोआप जळून जातं. वेणीची वात येण्याआधी दर थोड्या वेळाने कात्रीने काजळी छाटायला माणूस लागे. हे मी वर्गात शिकवलं होतं, पण वात इतक्या जवळून पाहत बसायची फुरसत आत्ता मिळाली.

एक नंबर लॅव्हेंडर. मला त्यात काही सांगण्यासारखं सापडलं नाही, हॉटेलातल्या चादरीचा वास. दोन नंबर कॉफी आणि व्हॅनिला. हे बाहेरच्या खोलीतून उठून आले, "केक केलास?" विचारलं, टेबलावर नुसती ज्योत पाहिली आणि परत गेले. त्या दिवशी दुपारभर घरात एक प्रकारचा अविश्वास होता. सहा नंबर चंदन, ती पेटवली तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी दारातच थबकल्या. "कुणाचं वर्षश्राद्ध आहे का?" मी कागदावर हा अभिप्राय जसाच्या तसा लिहिला.

चार नंबर मोगरा, आणि तिथे मी अडले. वास मोगऱ्याचाच, पण गजऱ्याचा नव्हे, साबणाच्या वडीचा. कशाची कमी आहे ते लक्षात यायला रात्र झाली. मोगऱ्यात, जाईत, एकूणच या पांढऱ्या फुलांत इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. नुसतं हुंगलं तर डांबराच्या गोळ्यांची आठवण करून देणारं, जास्त झालं तर थेट मलमूत्राची. फुलात ते किंचित असतं, आणि त्या किंचितानेच मोगरा जिवंत वाटतो. संध्याकाळी ओंजळभर कळ्या उमलताना जो जड, थोडा गुंगवणारा वास येतो त्यात याचा हात असतो. मोगऱ्याचं अर्क-तेल काढणं खर्चाचं काम. हे नाजूक फूल वाफेवर ऊर्ध्वपातन करून तेल नीट देत नाही, ते द्रावकाने काढावं लागतं. म्हणून मेणबत्त्यांत बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेला मोगरा असतो, आणि जुळवणारा माणूस नेमकी ही डांबराची गोळी वगळतो. स्वच्छ मोगरा हवा म्हणतात लोक. मी कागदावर लिहिलं, "थोडी घाण घाल." घाणा शब्द तिला चालत नव्हता. हे तर त्याहून पुढचं झालं.

पाच नंबरला पुतणीचा सगळ्यात जीव होता, हे तिने न सांगताही कळत होतं. पहिला पाऊस. या वासाला इंग्रजीत पेट्रिकोर हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस. पण नाव मिळायच्या कितीतरी आधीपासून उत्तर प्रदेशात कनौजला हा वास कुपीत भरून विकला जात होता. भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळायची आणि निघणारी वाफ चंदनाच्या तेलात मुरवायची. मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन हे या वासातलं एक मुख्य द्रव्य, आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत इतकं तीक्ष्ण असतं की अगदी नखभरसुद्धा लागत नाही. एवढं सगळं असून पाच नंबर पेटवली तर मला कुंडीला पाणी घातल्यासारखं वाटलं. छान कुंडी, पण कुंडीच. मला वाटतं, पहिल्या पावसाच्या वासात निम्मा वाटा दोरीवरचे कपडे काढायच्या धावपळीचा असतो. तो आठ टक्क्यांत बसत नाही.

राहिली तीन नंबर. वाळा. त्या रकान्यात मी काहीच लिहू शकले नाही, कारण दहा मिनिटांनी वासच येईना. ज्योत नीट, मेण काठापर्यंत वितळलेलं, आणि नाक कोरडं. मी ग्लासावर वाकले, खोलीतून बाहेर जाऊन आले, काही नाही. कागदावर शून्य लिहिणार इतक्यात मावशी आल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "माठ आणला का नवा?"

नाकाचा हा स्वभाव मला माहीत होता, पाठ्यपुस्तकात होता. सतत येणारा वास ते थोड्या वेळाने मोजायचं सोडून देतं, नव्या वासासाठी जागा ठेवतं. पण आपल्या भाषेने हे किती सहज सांगून ठेवलं आहे! वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणंही. ज्याचा घरात वास त्याला घराचा वास येत नाही. आपल्या घराला कसा वास येतो ते दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, माहेरी आलेल्या लेकीला ठाऊक असतं. आपण विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

वासासाठी मराठीत शब्द तोकडे आहेत अशी माझी समजूत होती. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आणि नाकात वास ओळखणारे ग्राही सुमारे चारशे प्रकारचे. तरी लाल, निळा, पिवळा असे रंगांचे शब्द भरपूर, आणि वासाला मात्र वस्तूचंच नाव, मोगऱ्याचा, हिंगाचा. पण कागद भरताना ध्यानात आलं की वाईट वासांच्या बाबतीत आपण काटेकोर आहोत. कुबट, खवट, कोंदट, आंबूस, करपट, उग्र. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कुबट टॉवेलला खवट म्हणून पाहा. चांगल्या वासाला जे शब्द आहेत ते मात्र वास कशाचा ते सांगत नाहीत, तो कसा चालतो ते सांगतात. दरवळ हळूहळू येतो. घमघमाट अंगावर येतो. हॉट थ्रोचा रकाना मी या दोन शब्दांत भरून टाकला. दोन नंबर घमघमते, चार नंबर दरवळते. पुतणीने नंतर तो रकाना कायमचा बदलून घेतला म्हणे.

मग आला गुरुवार. पुण्यात गुरुवारी वीज जाते, यात नवल नाही. त्या दिवशी सकाळी दुरुस्तीसाठी गेलेली संध्याकाळी सात वाजले तरी आली नाही. इन्व्हर्टर दुपारीच थकला होता. आणि मग घरात सहा मेणबत्त्या आहेत याचा मला साक्षात्कार झाला. दंडक मोडून सगळ्या पेटवल्या. पाच मिनिटांत मंगल कार्यालय! मोगरा, चंदन, कॉफी आणि वर पाऊस. वरातीत पाऊस आल्यावर होतो तसा गोंधळ. हे लागोपाठ सात वेळा शिंकले आणि त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

विझवायच्या होत्या. दिवा तोंडाने फुंकायचा नाही हा लहानपणचा धाक वाढदिवसांनी कधीच मोडीत काढला आहे, तरी माझा हात आधी वारा घालायला उचलला जातो. यावेळी मात्र मी फुंकर मारली, कारण मला एक गोष्ट दाखवायची होती. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मुलांसाठी मेणबत्ती या एकाच वस्तूवर सहा व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. त्यातला एक प्रयोग मी दरवर्षी नववीच्या वर्गात करत असे. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीतून धुराची जी पांढरी रेघ उठते, तिला वातीपासून दोन बोटं वर पेटती काडी लावायची. ज्योत त्या रेघेवरून उडी मारून खाली वातीवर येते. कारण जळते ती मेणाची वाफ, आणि ती रेघ म्हणजे तीच वाफ. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना हा प्रयोग दाखवायचा राहून गेला होता. ज्योतीने उडी मारली तशी ते म्हणाले, "पुन्हा कर." सहा मेणबत्त्यांवर मी तो तेरा वेळा केला.

शेवटी सगळ्या विझल्या तेव्हा सहांचा मिळून एकच वास येत होता. विझल्याचा. मोगरा नाही, माती नाही, ओळखीचा तेलकट, जळकट वास, वाढदिवसाचा केक कापायच्या आधीचा आणि वीज गेल्यावर केलेल्या अभ्यासाचा.

वास जाईपर्यंत आम्ही खाली बागेत बसलो. सगळी सोसायटीच खाली होती. तासाभराने लिफ्ट नाही म्हणून चार जिने चढून आलो, ह्यांनी दार उघडलं, आणि मी मागे उंबऱ्याबाहेर उभी राहिले. घराचा वास आला मला. हिंग, न वाळलेले टॉवेल, जुन्या वह्या, देवघरातलं तूप. त्यात कॉफी नव्हती, चंदन नव्हतं, मोगराही निघून गेला होता. सगळ्याच्या तळाशी, ओल्या माठासारखा, वाळा होता. दोन-तीन श्वास टिकला, मग नाकाने नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं.

खणात जुनी पांढरी मेणबत्ती सापडली, किराणा दुकानातली, बिनवासाची. ती ताटलीत उभी करून तिच्या उजेडात मी पुतणीचा कागद पुरा केला. तीन नंबरसमोर लिहिलं : "बसून कळत नाही. जिना चढून येऊन पाहणे."

दिवाळीसाठी तिला चार सांगितल्या आहेत. दोन वाळ्याच्या, एक मोगऱ्याची, थोडी घाण घातलेली, आणि एक बिनवासाची, गुरुवारसाठी. बिनवासाचीचे पैसे घेणार नाही म्हणते.