पाडव्याच्या चक्क्याचे बेगल

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या आईच्या स्वयंपाकघरात पंचाचं एक गाठोडं खुंटीला टांगलेलं असतं. खाली पातेलं आणि त्यात टप टप पडणारं पाणी. दुसऱ्या दिवशीच्या श्रीखंडाचा तो चक्का. त्याला हात लावायची लहानपणी आम्हा बहिणींची टाप नव्हती. गेल्या पाडव्याला मात्र त्यातला जवळजवळ निम्मा चक्का आईने स्वतःच्या हाताने मैद्यात घातला. आणि तोही कशासाठी, तर बेगलसाठी!

बेगल म्हणजे काय, हे त्या आठवड्यापर्यंत आईला ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकीही काहींना नसेल. मधोमध भोक असलेला, वरून चकचकीत, आतून चिवट असा गोल पाव. दिसायला मेदूवड्याचा थोरला भाऊ म्हणा ना. अमेरिकेत न्याहारीला तो आडवा कापून, भाजून, वर क्रीम चीज लावून खातात. आमच्या घरात त्याचं नाव आणलं ते माझ्या आठ वर्षांच्या भाचीने.

माझी धाकटी बहीण दहा वर्षं न्यू जर्सीत होती. फेब्रुवारीच्या शेवटी ती लेकीला घेऊन रायपूरला आईकडे आली. दोन मोठ्या बॅगा, एक लहान. जावई आले नव्हते. फोनवर आई मला एवढंच म्हणाली, "ती आली आहे. तुला रजा मिळेल का?" आमची आई असं कधी विचारत नाही. मी पंधरा दिवसांनी मुंबईहून निघाले.

आमचं घर शंकर नगरात आहे. बाबा नोकरीनिमित्त १९८८ साली रायपूरला आले, तेव्हा ते मध्य प्रदेशातलं गाव होतं. मी पाचवीत असताना, १ नोव्हेंबर २००० रोजी, घर न बदलता आमचं राज्य बदललं आणि रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. बाबा गेले, आम्ही दोघी लग्न होऊन बाहेर पडलो, पण आईने घर सोडलं नाही. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. तिथला गणेशोत्सव, हळदीकुंकू, नाटकं यांत ती रमलेली. ओळखी भरपूर, आणि ओळखी भरपूर म्हटल्यावर प्रश्नही भरपूर. "धाकटी आली वाटतं? किती दिवसांची सुट्टी?" आई म्हणायची, "बघू या, मुलीला इथली हवा मानवते का ते." बहीण फाटकाच्या बाहेर पडत नव्हती. आई तिला काही विचारत नव्हती आणि तीही काही सांगत नव्हती. मी पोचले तेव्हा घरात इतकी शांतता होती की कुकरच्या शिट्टीने दचकायला व्हावं.

आणि पोर जेवत नव्हती. वरणभाताचे दोन घास, पोळीचा एक पदर, झालं. आईने थालीपीठ करून पाहिलं, साबुदाण्याची खिचडी केली, चीला केला. बाजारातून पावही आणला. ती ताटाकडे बघायची आणि अगदी नम्रपणे म्हणायची, "नको आजी, थँक्यू." त्या थँक्यूने आईचा जीव अर्धा व्हायचा. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन विचारलं, तुला काय आवडेल ते सांग, मावशी करून देईल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बेगल."

झालं! मावशीने शब्द दिला होता. जवळपासच्या दोन-तीन बेकऱ्यांत विचारून आले. एकाने मोठ्या उत्साहाने डोनट पुढे केले. शेवटी घरीच करायचं ठरवलं. दुकानातून सुकं यीस्ट आणलं, साखरेच्या गरम पाण्यात घातलं आणि फेस यायची वाट बघत बसले. दहा मिनिटांत फेस यायला हवा होता. अर्धा तास झाला तरी पाणी आपलं शांत. यीस्ट जुनं होतं की मी पाणी फार गरम घेतलं, देव जाणे. यीस्ट हा सजीव प्रकार आहे; पाणी कोमट हवं, कडकडीत पाण्यात तो मरतो. तरी मी हट्टाने त्यात मैदा भिजवला. दोन तासांनी गोळा जसा होता तसाच. भाजल्यावर जे निघालं ते आमच्या कामवाल्या बाईंनी हातात घेऊन, वाजवून पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

त्या रात्री आई दह्याचा पंचा बांधत होती आणि मला एकदम आठवलं. आमच्या साप्ताहिकाचं पाककृतींचं पान काही दिवस माझ्याकडे होतं. तेव्हा यीस्टशिवायच्या बेगलची कृती वाचनात आली होती. मैदा, बेकिंग पावडर आणि ग्रीक योगर्ट. हे ग्रीक योगर्ट म्हणजे तरी काय? पाणी काढलेलं दही. आपला चक्काच, फक्त जरा सैल! मी भीत भीत आईच्या गाठोड्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "श्रीखंड काय, वर्षभर होतं. घे हवा तेवढा."

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुलिंबाची पानं खाऊन झाली आणि आम्ही तिघी ओट्याशी उभ्या राहिलो. पाव किलो मैदा, त्यात तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि पाऊण चमचा मीठ घालून दोनदा चाळून घेतलं. साधारण तीनशे ग्रॅम चक्का घालून गोळा केला. आईचा चक्का चांगला घट्ट, म्हणून त्याचंच गळलेलं पाणी दोन चमचे शिंपडावं लागलं. गोळा हाताला किंचित चिकटेल इतपतच ठेवायचा. पोळ्यांच्या कणकेसारखा तो तिंबत बसायचा नाही. एकजीव झाला की पुरे.

आणि घाई करायची, हे महत्त्वाचं. यीस्ट तासन्‌तास बसून, मैद्यातली साखर खाऊन हळूहळू हवा सोडतं; त्याला वेळ द्यावा लागतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र असतं. ओल लागली की लगेच वायू सुटायला लागतो आणि उष्णता मिळाली की आणखी. गोळा झाकून ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला गेलात, तर त्यातला बराच दम निघून जातो. म्हणून मैद्यात चक्का घालण्याआधीच पाणी उकळत ठेवावं.

पाणी कशाला? बेगलची सगळी गंमत तिथेच आहे. भट्टीत जाण्याआधी बेगल उकळत्या पाण्यात टाकतात. वरच्या थरातला स्टार्च तिथेच शिजून त्याची पातळशी साल बनते. त्यामुळे चकाकी येते, चिवटपणा येतो. नाहीतर तो नुसता भोकाचा पाव. झटपट कृतींत पुष्कळदा हा उकळण्याचा भाग गाळलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की यीस्ट गाळा, पण हा भाग गाळू नका. पातेलंभर पाण्यात आम्ही चमचाभर खायचा सोडा आणि सुपारीएवढा गूळ टाकला. सोड्याने वर खरपूस रंग धरतो. गूळ मात्र आईची भर. तिकडचे बेकरीवाले जवाचा माल्ट घालतात.

मी सहा गोळे केले. पहिल्या गोळ्यात बोट खुपसून भोक पाडलं आणि तो पाण्यात सोडला. आई झारा घेऊन उभी होती. ती एकदम हसायलाच लागली. "अगं, हे तर बाफले!"

आईचं माहेर इंदूरचं. माळव्यातल्या बाटीचा हा प्रकार तिच्या हाडीमाशी खिळलेला. गव्हाच्या जाडसर पिठात मक्याचं पीठ, थोडं दही, मोहन आणि चिमूटभर सोडा घालून गोळे करायचे, ते आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवायचे. आधी उकड, मग भाज. यीस्टचा पत्ता नाही, दही आहे, सोडा आहे! भोक तेवढं नाही. कामवाल्या बाईही चुलीशी आल्या. "पहिली उसनबो, फेर सेंकबो?" असं त्यांनी छत्तीसगढीत विचारून खात्री करून घेतली. आई म्हणाली, "हो, आणि तूप नाही लावायचं म्हणे. अमेरिकेतलं सोवळं वेगळं असतं."

खरं तर बेगल मूळचा अमेरिकेतलाही नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचा तो पदार्थ. पोलंडमधल्या क्राकाव शहराच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत, बाळाच्या जन्माच्या निमित्ताने त्याचा उल्लेख येतो. (ज्यू म्हटल्यावर आपल्याला कोकणातले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली. पण बेगल त्यांचा नव्हे.) देश सोडून निघालेल्या माणसांबरोबर तो न्यू यॉर्कला पोचला. तिथे कित्येक वर्षं तो हातानेच वळला जाई. १९६० च्या दशकात यंत्रं आली, मग गोठवलेले बेगल आले आणि तो घरोघरी गेला.

तर आम्ही तिघी ओट्याशी होतो. बहीण गोळे वळत होती, मी भोकं पाडत होते, आई पाण्यात सोडत होती. अर्धा मिनिट या बाजूने, अर्धा मिनिट त्या बाजूने. बहीण हातातल्या गोळ्याकडे बघत म्हणाली, "आई, आमचं परतीचं तिकीट नाहीये."

आईने झारा खाली ठेवला नाही. म्हणाली, "माहीत आहे मला. तुझ्या बॅगा उचलल्या तेव्हाच कळलं. पाणी उकळतंय, तो पुढचा दे."

बहीण रडली. मीही रडले. आईने तेवढ्यात दोन बेगल उलटवले.

निथळलेल्या बेगलना वरून दुधाचा हात लावून तीळ पेरले. तापमान ठरवता येणाऱ्या ओव्हनमध्ये ते १९० अंश सेल्सिअसला पंचवीस मिनिटं ठेवावेत. आमच्या आईचा ओव्हन मात्र झाकणाला काचेची खिडकी असलेला, गोल, ॲल्युमिनियमचा. त्याला आकडेबिकडे नाहीत. दहा मिनिटं रिकामाच तापवला, मग तीन-तीनच्या दोन खेपा केल्या, आणि वरून रंग येईना म्हणून शेवटची पाच मिनिटं बेगल पालथे केले. तीळ थोडे करपले. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तरी थांबायला हवं, नाहीतर आत ओलसर लागतं.

भाची दारात उभी राहून वास घेत होती. आईने एक बेगल आडवा कापला, उरलेल्या चक्क्यात मीठ आणि मिरपूड घालून आत लावला, आणि ताटलीत ठेवला. शेजारी वाटीत श्रीखंड. पोरीने बेगल दोन्ही बाजूंनी न्याहाळला. आमच्यापैकी कुणी बोलत नव्हतं. तिने एक घास घेतला, चावला, आणखी एक घेतला.

"आजी, हा बेगल नाहीये," ती मराठीत म्हणाली. आईचा चेहरा उतरला. "पण चांगला आहे. अजून आहे का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. यीस्टने रात्रभरात येणारी ती चव यात येत नाही. आतून हा बेगल मऊ, थोडा बिस्किटासारखा भुसभुशीत होतो. खऱ्या बेगलसारखा दातांशी झगडत नाही. दुसऱ्या दिवशी तर तो सरळ कडक होतो, तेव्हा त्या दिवशीचे त्याच दिवशी संपवावेत, किंवा कापून तव्यावर भाजावेत. आमच्याकडे शिळे राहण्याचा प्रश्न आला नाही. तिने दोन खाल्ले. आईने एक तुपात बुडवून, वरणाबरोबर खाल्ला आणि अमेरिकेतलं सोवळं मोडलं. श्रीखंड त्या पाडव्याला वाटी-वाटीच वाट्याला आलं.

चार दिवसांनी मी मुंबईला परतले. जूनमध्ये भाचीची शाळा सुरू झाली. परवा रात्री आईचा फोन आला. आता ती मैद्यात थोडी कणीक घालते, ओवा घालते, त्याबद्दल नातीची तक्रार नाही. तक्रार वेगळीच होती. "अगं, भाजल्यावर भोक बुजतं. डब्यात नेलं की वर्गातल्या मुली म्हणतात हा पाव आहे, आणि ही तिथे भांडून येते. काय करू?"

मी सांगितलं, दोन बोटं घालून चांगलं दोन इंच रुंद भोक कर. बेकार दिसलं तरी चालेल, फुगल्यावर बरोबर होतं.

"थांब, लिहून घेऊ दे तिला," आई म्हणाली. मग लांबून बहिणीचा आवाज आला, "ताई, दोन इंच म्हणजे कच्चं असताना ना?"