चेंडू कुणाच्या नावे टाकायचा?

'फुकट' या शब्दाइतका महाग शब्द मराठीत दुसरा नसेल. साडीवर ब्लाउजपीस फुकट असतो, बादलीवर मग फुकट असतो, आणि २०२३ साली आयपीएलचे सगळे सामने जिओसिनेमावर फुकट होते. त्या उन्हाळ्यात आमच्या शाखेतला प्रत्येक माणूस खिशात एकेक स्टेडियम घेऊन हिंडत होता. पुढे २०२५च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले, तीन महिन्यांना १४९ रुपयांपासून दर सुरू झाले आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले.

"पैसे जाहिरातवाल्यांनी द्यावेत," हे हेड कॅशियरांचं मत. "आपण बघतो म्हणून त्यांचा माल खपतो. खरं म्हणजे बघण्याबद्दल आपल्यालाच भत्ता मिळायला पाहिजे." भत्ता हा शब्द ते कुठल्याही विषयात आणू शकतात.

"बघणाऱ्याने द्यावेत," असं नवीन लागलेल्या ऑफिसर मुलीचं म्हणणं. "सर, नाटकाला तिकीट काढता ना? मग सामन्याला का नाही?"

हेड कॅशियर नाटकाला पासावर जातात, हे तिला ठाऊक नसावं.

वाद तसा जुनाच आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने बघणाऱ्याने पैसे भरायचे, हीच पद्धत पाहिली. रेडिओला वर्षाचे पंधरा रुपये, टीव्हीला पन्नास. पोस्टात जाऊन लायसनचं पुस्तक पुढे सरकवायचं. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि पुढे ऐंशीच्या दशकात लायसनही गेलं. नव्वदीच्या सुरुवातीला तर गंमतच होती. सामना दाखवावा म्हणून क्रिकेट मंडळच दूरदर्शनला पैसे देत असे, एका सामन्याचे पाच लाख. लग्न ज्याच्या घरचं, वाजंत्र्यांचा खर्च त्याचा! १९९३ साली इंग्लंडच्या दौऱ्याचे हक्क मंडळाने एका परदेशी कंपनीला विकले, आणि आता दूरदर्शनला पैसे मोजून सामने घ्यावे लागले. तेव्हापासून वाजंत्रीवालेच वरपित्याला पैसे देऊन मांडवात शिरू लागले.

किती पैसे? २०२२च्या जूनमध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क, टीव्ही, मोबाईल, परदेश सगळं धरून, ४८,३९० कोटी रुपयांना गेले. सामने ४१०. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. भागाकार दिसला की माझे हात शिवशिवतात. एका सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डावांचे मिळून चेंडू २४०, म्हणजे एका चेंडूला एकोणपन्नास लाख! ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू फलंदाजाने नुसता सोडून दिला, तरी एकोणपन्नास लाख गेले. आमच्याकडे एवढ्या रकमेच्या कर्जाला तारण लागतं, जामीनदार लागतो आणि वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते. इथे एवढा ऐवज विकेटकीपर हातात झेलतो आणि स्लिपकडे भिरकावून देतो.

आता हिशेबाचा साधा नियम असा की, कुठेतरी जमा व्हायला कुणाच्या तरी नावे पडावं लागतं. जाहिरातवाला पैसे देतो म्हणजे काय, त्याच्या परसात पैशाचं झाड नसतं. तो साबणाच्या वडीत ते पैसे धरतो. आमच्या हिला क्रिकेटचा मनस्वी तिटकारा. "अजून चालूच आहे का?" एवढा एकच क्रिकेटविषयक प्रश्न तिने लग्नापासून विचारला आहे. पण महिन्याचा किराणा तीच भरते. साबण, टूथपेस्ट, चहा, सरबत, प्रत्येकात चेंडूचा थोडा थोडा अंश आहे. म्हणजे सामना बघतो मी आणि वर्गणी भरते ती. हे मी तिला एकदा सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग निदान मधल्या जाहिराती तरी मला बघू देत जा. तेवढ्या बऱ्या असतात."

बरं, सगळ्याच जाहिराती साबणाच्या नसतात. मोबाईलवर पैसे लावून संघ बनवायचे खेळ हे काही वर्षं क्रिकेटचे मोठे आश्रयदाते होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि भारतीय खेळाडूंच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. त्याआधीची गोष्ट सांगतो. एक पोरगा पासबुक भरून घ्यायला काउंटरवर आला होता. छापता छापता दोन पानं भरली; सगळ्या नोंदी असल्याच खेळांच्या, एकोणपन्नास रुपये, एकोणपन्नास रुपये, एकोणपन्नास रुपये. वर मैदानात एकोणपन्नास लाखांचा चेंडू आणि खाली ही नोंद. त्या दिवशी मला साखळीचं दुसरं टोक दिसलं. पोराने पासबुक न बघताच मिटलं.

मग ऑफिसर मुलीचंच खरं म्हणायचं का? बघणाऱ्याने पैसे दिले की बघणारा मालक होईल, षटकाचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच दंतमंजन हसत पुढे येणार नाही, असं मलाही वाटलं होतं. पण २०२५चा तो १४९ रुपयांचा प्लॅन जाहिरातींसकटच होता. जास्त पैसे भरून जाहिराती बंद करायची सोय होती. फक्त थेट खेळाला ती लागू नव्हती. नाटकाचं तिकीट काढून बसावं आणि दर प्रवेशानंतर नायिकेने पुढे येऊन मसाला विकावा, तसला प्रकार. बँकेत एक चेक एकदाच वटतो. इथे एक प्रेक्षक दोनदा वटतो, एकदा स्वतःच्या खिशातून आणि एकदा साबणवाल्याच्या.

आणि आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं काय? २०२३ साली त्याचा फोन केबिनमध्ये पाण्याच्या बाटलीला टेकून उभा असायचा. रात्री उशिरा येणाऱ्याला फाटकातच धावसंख्या कळायची. आता मी आलो की तोच विचारतो, "साहेब, किती झाले?" शाम्पूची पुडी तोही घेतो, साबण तोही लावतो. म्हणजे त्याची वर्गणी गेलेली आहे. फक्त पावती मिळालेली नाही. काउंटरवर असं झालं असतं, तर ग्राहकाने शाखा डोक्यावर घेतली असती. तो बिचारा फाटक उघडतो.

ज्याला परवडत नाही त्यालाही सामना दिसावा, हे सरकारने २००७ सालीच कायदा करून मान्य केलं आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने हक्कवाल्याने दूरदर्शनला द्यायचे. टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५ टक्के हक्कवाल्याचं, २५ टक्के प्रसार भारतीचं. उत्तम! पण हा कायदा दूरदर्शनच्या अँटेनापुरता आणि डिशपुरता. वॉचमनच्या केबिनमध्ये दोन्ही नाहीत. आहे तो फोन.

म्हणून माझा निवाडा असा: ज्याने पैसे भरले, त्याला जाहिरात दाखवू नये. ज्याला जाहिरात दाखवली, त्याच्याकडे पैसे मागू नयेत. आणि भारताचा सामना दूरदर्शनवर खुला आहे, तसा जाहिरातींसकट फोनवरही खुला ठेवावा. माझ्यासारख्या पगारदाराने षटक संपल्यावर शांतपणे पाणी प्यायला मिळावं म्हणून खुशाल पैसे द्यावेत. मी द्यायला तयार आहे.

हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत मांडलं. ऑफिसर मुलीने मान डोलावली. हेड कॅशियरांनी डबा बंद केला, हात पुसले आणि फोन बाहेर काढला.

"पटलं," ते म्हणाले. "तू भरलेच आहेस ना पैसे? मग पासवर्ड सांग."