बिनगोळीचा बार

घोड्यावरून नेमबाजीचा सराव करायचा तर कोरी काडतुसं घरीच भरावीत, असं माझं ठाम मत होतं. आमच्या बिद्रीच्या पट्ट्यात शेतीरक्षणाची ठासणीची बंदूक नवलाची नाही. डुकरं उसात शिरली की नुसत्या दारूचा बार काढायचा आणि त्यांना पळवायचं. गोळीच नाही, तर इजा कसली? अमेरिकेत घोडेस्वार कोऱ्या काडतुसांनी फुगे फोडतात हे कळल्यावर तर वाटलं, हे आपल्याही पोरांना जमेल.

आज मी या मताचा नाही.

तो फुगा फुटतो कशानं, इथून माझं मन बदलायला लागलं. गोळी नसली तरी नळीतून दारूचे जळते कण आणि तापलेला वायू सुसाट बाहेर पडतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी नटानं चित्रीकरणाच्या ठिकाणी कोरं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर गमतीनं कानशिलाला लावून चाप ओढला. काडतुसातल्या बुचाच्या तडाख्यानं कवटीचं हाड मेंदूत घुसलं आणि सहा दिवसांनी तो गेला. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ सालचा. काडतूस तयार करायला त्यात वेगळा परवाना लागतो, शेतीरक्षणाचा चालत नाही. हा नियम मला पूर्वी जाचक वाटायचा, आता रास्त वाटतो.

पण मला खरं हलवलं ते घोड्याच्या कानानं. माणसाला जेमतेम वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला तेहतीस हजारांपर्यंत. बार उडतो तो त्या कानापासून हातभर अंतरावर. म्हणून तिकडचे अनेक स्वार घोड्याच्या कानात बोळे घालतात. घोडा बिथरला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हे मी उगाच धरून चाललो होतो.

घोड्यावरून बंदूक चालवणं ही आपली परंपराच आहे, हा माझा दाखलाही टिकला नाही. मराठी स्वाराची भिस्त भाल्या-तलवारीवर. तोड्याची बंदूक दौडत्या घोड्यावर पुन्हा भरणं महाकठीण, ती शोभली पायदळाला. भरधाव घोड्यावरून जमिनीतली मेख भाल्यानं उचलण्याचा खेळ आजही आहे. पोरांनी तो शिकावा.

घोडा आवाजाला सरावलेला हवा, हे मात्र मी अजूनही म्हणतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस वाजत जातात, शिवजयंतीला ताशे कडाडतात. त्यासाठी घोडा वैरण खात असताना लांबवर हलगी वाजवायची. कान टवकारून तो थांबला की आपणही थांबायचं. पुन्हा खायला लागला, तरच दुसऱ्या दिवशी चार पावलं जवळ यायचं.